घरघर

५ फेब्रुवारी

अखेर स्वतःच्या घरात बसून लिहितेय! भाड्याचं का असेना, किल्ली माझ्या एकटीच्या पर्समध्ये आहे. तळमजल्यावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मागे चार कपडे वाळतील एवढी मोकळी जागा. वरच्या मजल्यावर घरमालक एकटेच राहतात. निवृत्त भूमितीचे मास्तर, कानात श्रवणयंत्र. मी त्यांना काका म्हणायला सुरुवातही केली. मी दिवसभर मोठ्याने वाचत असते, चालेल ना, असं मी भीतभीत विचारलं, तर म्हणाले, खुशाल वाच, मी यंत्र काढून ठेवलं की मला तोफही ऐकू येत नाही.

ताई आणि भाऊजी सामान पोचवायला आले होते. इतकी वर्षं मी ताईच्या घरी, भाचीच्या खोलीत अर्ध्या गादीवर काढली. कोणी कधी काही बोललं नाही, पण भाचीचे पाय आता लांब झालेत. निघताना ताईने डोळे पुसले आणि मग लगेच ओट्याची कड ओली राहिली म्हणून मलाच झापलं. तिचं असंच. मनातलं कधी तोंडावर यायचं नाही. बोलायचं सगळं काम आमच्या घरात माझ्याकडे होतं. लहानपणी मी हाक मारली की तीन घरं पलीकडची माणसं दार उघडून बघायची, म्हणून माझं नाव पडलं भोंगी. ताई अजूनही भोंगेच म्हणते. आणि आता भोंग्याचंच खाते मी: ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करते.

पुढच्या खोलीत वाचनाचं टेबल, माईक, आणि माझे लाडके दोन स्पीकर. चांगले कमरेएवढे आहेत, जुन्या लाकडी खोक्यांतले. वाचलेलं त्यांच्यावर परत ऐकायचं आणि चुका दुरुस्त करायच्या, असं काम. भाऊजींनी ते उचलताना पाठ धरली.

७ फेब्रुवारी

स्पीकर लावले आणि घात झाला. घर्रर्र. कोणी घोरतंय असं वाटावं. ऑफिसातल्या ढापण्याला फोन केला. आमचा ध्वनिमुद्रक तो, चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या, पण कान मांजराचा. त्याने माझी शिकवणीच घेतली. स्पीकर कशाशेजारी आहेत? भिंतीपाशी. भिंतीपलीकडे काय आहे? फ्रिज. मग काय, म्हणाला, भिंतीला कान नसतात पण फ्रिजच्या मोटरला हात असतात, ते भिंतीतून येतात. स्पीकर समोरच्या भिंतीला ने. अॅम्प्लिफायर फ्रिजच्या सॉकेटवर लावू नकोस, त्याला वेगळा दे. विजेची वायर आणि स्पीकरची वायर एकमेकींना चिकटून चालवू नकोस, ओलांडायचीच असेल तर फुलीसारखी आडवी ओलांडू दे. मोबाइल त्यांच्यावर ठेवू नकोस. मिक्सर, ओव्हन, जुनी ट्यूबलाइट, सगळ्यांपासून लांब.

सगळं केलं. घामाघूम झाले. स्पीकर ढकलताना फरशीवर ओरखडे उठले, काकांना अजून सांगितलेलं नाही. पण घरघर गेली! खोली अशी स्वच्छ झाली की मी उगाच स्वतःशी बोलले आणि ऐकत बसले.

११ फेब्रुवारी

काम जोरात. एका जाड कादंबरीचं पहिलं प्रकरण पाठवलं. इथे वाचायला फार मजा येते. ताईकडे कुकरच्या शिट्टीला थांबायचं, बेलला थांबायचं. इथे सलग वाचते. दिवसाकाठी मी या खोलीत इतकं बोलते की संध्याकाळी जीभ ओली करायला भांडंभर चहा लागतो.

ढापण्याचा फोन आला. आवाजाखाली बारीक घरघर आहे म्हणे. मला तर ऐकू येत नाही.

१४ फेब्रुवारी

आता मलाही ऐकू येते. फ्रिज बंद केला, तरी आहे. पंखा बंद, दिवे बंद, मोबाइल बाथरूममध्ये, तरी आहे. काकांना विनवून वरचंही सगळं बंद करायला लावलं. ते बिचारे घामाघूम होऊन बसले. तरी आहे.

ढापण्या म्हणाला, एक विचित्र गोष्ट सांगू का, तू श्वास घ्यायला थांबतेस ना, तेव्हा तीही थांबते.

१७ फेब्रुवारी

अर्थिंग तपासून घेतलं. इलेक्ट्रिशियन आला, दिवा लावून बघितला, म्हणाला उत्तम आहे, आमच्याकडेही नाही असं. स्पीकर बदलून पाहिले, म्हणजे डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. वायर नवीन आणली. ढापण्याने मुद्रित केलेलं परत पाठवलं आणि विचारलं की आज तुझा घसा बसलाय का. नाही. ठणठणीत आहे. मग आवाज मागे का गेलाय, म्हणाला. काल घरघर आवाजाखाली होती, आज आवाज घरघरीखाली आहे.

मी ऐकलं. मी वाचतेय खरी, पण जशी शेजारच्या घरातून वाचतेय.

१९ फेब्रुवारी

ताईला फोन केला. ती हॅलो हॅलो करत राहिली. मी ओरडले. ती भाऊजींना म्हणाली, भोंगीचा नंबर दिसतोय, पण नुसती खरखर येतेय, तिच्या त्या नव्या जागेत रेंज नसणार. आणि ठेवला.

मोबाइल घेऊन रस्त्यावर गेले, तिथून केला. तेच. तिचा आवाज अगदी कानात बसल्यासारखा स्वच्छ. माझाच जात नव्हता.

मेसेज केला. उत्तर आलं: हे काय पाठवलंयस, नुसती टिंबं आणि रेघा?

२० फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. साबण मागितला. दुकानदाराने डोकं वर करून ट्यूबलाइटकडे पाहिलं. परत मागितला. त्याने गिऱ्हाइकाला सांगितलं की चोक जायला आलाय वाटतं, बघा कशी गुणगुणतेय, आणि स्टुलावर चढून ट्यूब फिरवली. मी त्याच्यासमोर उभी होते. माझं बोट साबणावर होतं.

पैसे ठेवले आणि साबण घेऊन आले. कोणी थांबवलं नाही.

घरी येताना फाटकात काका भेटले. मी बोलायला लागले तसं त्यांनी कानातलं यंत्र काढलं, तळहातावर आपटलं, परत घातलं. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा बाजूला बघून, हसले आणि वर गेले.

२२ फेब्रुवारी

ठरवलं, ऑफिसात जाऊन ढापण्यासमोर उभं राहायचं. त्याचा कान मांजराचा आहे. त्याला तरी कळेल.

बसथांब्यापर्यंत पोचले नाही. फाटकाबाहेर पडले तोवर ठीक. दुकानाशी हातांना मुंग्या आल्या. त्यापुढच्या वळणावर मला माझी चप्पल रस्त्यावर वाजलेली ऐकू येईना. मग रस्ताच तुटक दिसायला लागला. थोडा रस्ता, मग काहीच नाही, मग थोडा रस्ता. गावापासून लांब गेल्यावर रेडिओवरचं गाणं कसं येतं आणि जातं, तसं. मीच येत होते आणि जात होते. कशीबशी मागे वळले. फाटकाशी आल्यावर पाय जमिनीला लागले. स्पीकरपाशी येऊन बसले तेव्हा कुठे पुरती आले.

मी स्पीकर बंद ठेवले नव्हते. बरं झालं. का बरं झालं ते कळत नाही.

२३ फेब्रुवारी

बंद करून पाहिले.

अॅम्प्लिफायरचं बटण दाबलं तेव्हा सकाळचं ऊन टेबलावर होतं. आणि मग, मध्ये काहीच नसताना, ऊन परत टेबलावर होतं आणि काका खोलीत होते. त्यांच्याकडच्या दुसऱ्या किल्लीने आत येऊन, हे कसलं बटण ते बघायला, त्यांनीच चालू केलं होतं. स्वतःशी पुटपुटत होते की चार हाका मारल्या, पोरगी कुठे गेली काही न सांगता. वर मी २३ लिहून ठेवलीय, मोबाइलवर आज २६ तारीख आहे.

झोपले नव्हते. झोपेत निदान आपण असतो.

२६ फेब्रुवारी, पुढे

तर हे असं आहे. नीट लिहून ठेवते, म्हणजे मला समजेल. मी या खोलीत बोलत गेले आणि बोललेलं स्पीकरांच्यात गेलं. आवाज आधी गेला, मग बाकीची मी त्याच्या मागोमाग. आता मी त्यांच्यातून येते. जितकी जवळ, तितकी जास्त. पेन इथे बसलं तरच हातात टिकतं. स्वयंपाकघरात कप उचलता येतो, मागच्या अंगणात उचलता येत नाही.

का, ते माहीत नाही. या घरात काही आहे, की या भिंतींत, की माझ्यातच होतं, कोणाला विचारू? मी काकांसमोर कागद धरला. मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, मी इथे आहे. त्यांना कागद टेबलावर पडलेला दिसला. उचलला, उलटा केला, सुलटा केला, म्हणाले, पेन चालतंय का बघितलेलं दिसतंय. ही वहीही त्यांना तशीच दिसत असणार, रेघोट्या.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले. त्यांनी यंत्र काढून खिशात टाकलं.

१ मार्च

फ्रिज.

काकांनी जाताना तो चालू केला. घरघरीमुळे मी तो बंदच ठेवला होता, आत वास सुटला म्हणून त्यांनी लावला. स्पीकर समोरच्या भिंतीला आहेत, लांब आहेत, तरी मोटर सुरू झाली की माझ्यात काहीतरी फाटतं. वाक्य अर्धवट. मोटर थांबली की परत जुळते, पण सगळी नाही. आज आईचा चेहरा आठवायला बसले. केस आठवले. कपाळ आठवलं. खाली काही नाही.

बटण दाबायला गेले. बोट त्यावरून घसरतं. तिथवर पोचेपर्यंत मी उरतच नाही तेवढी.

३ मार्च

शाळेचं नाव गेलं. माझ्या वर्गात शेजारी कोण बसायचं तिचंही. जे जातं ते परत येत नाही. जे गेलं ते काय होतं हेही थोड्या वेळाने कळेनासं होतं. मोटर सुरू होण्याआधी भिंतीत टक् असं वाजतं. ते वाजलं की मी दोन्ही हातांनी स्पीकर धरून बसते. पंखा चालतो, ट्यूब चालते. त्यांचं फक्त टोचतं. फ्रिज मात्र खातो.

जर स्पीकर त्या भिंतीला असते, पहिल्या दिवशी होते तसे, तर मी एका दुपारीच

मोटर

५ मार्च

बाहेर लोक जातात. खिडकीला गज आहेत, गजांतून हात काढला तर कोपरापुढे हात नाही.

ताई, ये ना.

८ मार्च

आली! ताई आली, भाऊजी आले, काकांनी दुसऱ्या किल्लीने दार उघडलं. मी धावत गेले, तिला मिठी मारली. तिने पदर सावरला, जणू वारा आला.

भाऊजी पोलिसांकडे जाऊन आलेत. ढापण्यानेच त्यांना कळवलं की पुस्तक अर्धं राहिलंय आणि ही फोन उचलत नाही. ताई घरभर फिरली. माझा टूथब्रश हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. भाऊजी म्हणाले की स्पीकर चालूच राहिलेत, वीज जातेय, बंद करतो. मी किंचाळले. जेवढी होते तेवढी सगळी किंचाळले.

ताई म्हणाली, "थांबा हो. हात नका लावू."

"काय झालं?"

"भोंगी आहे ती."

भाऊजींनी तिला खांद्याला धरून बसवलं. ते समजुतीने बोलत होते, ताण आलाय, दोन रात्री झोप नाही. काकांनी यंत्र कानात घालून ऐकलं आणि म्हणाले की मला तर नुसती घरघर येते हो. पण ताई हलली नाही. म्हणाली, तुम्ही जा, लेक घरी एकटी आहे, मी इथेच थांबते.

९ मार्च

ताई माझ्या खुर्चीत बसली. स्पीकरकडे तोंड करून. आणि बोलायला लागली.

माझी ताई! जी लग्नात उखाणा घ्यायला लावला तर रडली होती. ती बोलतेय. म्हणाली, तू गेल्यापासून घर खायला उठतं. म्हणाली, भाची अर्ध्याच गादीवर झोपते अजून. म्हणाली, ओट्यावरून बोलले त्या दिवशी, खरं म्हणजे मला तुला थांब म्हणायचं होतं, ते निघालं नाही तोंडातून. आईचं सांगितलं. आईच्या हनुवटीवर खड्डा होता असं म्हणाली, आणि मला हनुवटी दिसली. पूर्ण चेहरा दिसला!

मी एकेक शब्द प्यायले. मध्ये मोटर सुरू झाली तर मला नुसतं टोचलं.

संध्याकाळी माझी सावली भिंतीवर पडली होती. पुसट, पण होती.

१० मार्च

ती बोलते, मी भरत जाते. आज फाटकापर्यंत गेले, काही तुटलं नाही. कप उचलला. ताईने वळून पाहिलं, अगदी माझ्या डोळ्यांत. म्हणाली, "भोंगे, आहेस ना गं?" मी हो म्हणाले आणि तिला हो ऐकू आलं. ती हसली. रडली. परत बोलायला लागली.

अजून दोन दिवस. दोन दिवसांत मी दारातून बाहेर पडेन. तिला घेऊन.

१० मार्च, संध्याकाळ

भाऊजींचा फोन आला होता. ताई बोलत होती, स्वच्छ, माझ्या शेजारी बसून. आणि ते म्हणत होते, हॅलो? हॅलो? अगं बोल ना. खरखर येतेय नुसती.

रेंज नाही इथे, म्हणाली ताई, आणि फोन ठेवला.

११ मार्च

काका चहा घेऊन आले. ताई त्यांना काही सांगायला लागली. त्यांनी यंत्र काढलं. तळहातावर आपटलं.

मग माझ्याकडे बघितलं. हो, माझ्याकडे. डोळे बारीक करून, ओळख पटवत असल्यासारखं. ताईकडे नाही. ताईच्या खुर्चीकडे बघून म्हणाले की ताई बाहेर गेल्या का?

कालच कळलं होतं मला. फोन आला तेव्हाच. कळूनही मी रात्रभर गप्प बसले आणि ती बोलत राहिली. आज सकाळीही. मला अजून एक दिवस हवा होता. भाचीचे लांब पाय आठवत होते आणि तरी हवा होता.

ताई हाताला मुंग्या येतात म्हणतेय. खुर्चीची कड चोळतेय.

ओरडले, जा. तिला ऐकू येतं आता. म्हणाली, "तुला सोडून? वेडी आहेस का?" आणि उलट जास्तच बोलायला लागली.

११ मार्च, दुपार

बटण दाबलं तर ती चालू करणार. मी आहे तोवर ती उठणार नाही.

आज माझ्या अंगात जोर आहे. तिचाच आहे. एवढ्या जोराला दोन स्पीकर जड नाहीत.

पहिला ढकलला. त्या भिंतीला. फ्रिज पलीकडेच आहे. ताई म्हणतेय हे काय करतेस, का हलतायत हे, भोंगे

दुसराही. लाकूड भिंतीला टेकवलं. पोचतायत वायरी.

फ्रिज गप्प आहे अजून. वही गुडघ्यावर. पाठ स्पीकरला.

ताई समोर बसलीय, फरशीवर. विचारतेय की तुला त्रास होतोय का. नाही म्हणाले. खोटं नाही. तिचं कपाळ आईसारखं आहे. एवढं बघून

टक् वाजलं

सुरू झा

शाळा नाही. घर, कुठलं, जिना होता का. नाव माझं काय ते ती हाक मारतेय, मोठ्याने, मोठा आवाज आहे तिचा, मला माहीत नव्हतं

कानावर हात ठेवलेत तिने. घरघर म्हणतेय. नुसती घरघर येतेय, कुठे गेलीस, कुठे

उठली

फोन वाजतोय. घे. घे ना

"हो, मीच बोलतेय. येतंय ना ऐकू? हो, हो, रडतेय. आता येतंय ना नीट—"

येतंय

दाराकडे. जा. चप्पल राहिली तर राहू दे, ताई, दार उघड, ऊन आहे बाहेर, लेक एक